नापास काच

पाजूमध्ये थंडी आधी नदीवर उतरते,
मग आमच्या कारखान्याच्या छतावर.
आत मात्र बाराही महिने तेवीस अंश,
ना ऋतू, ना धूळ, ना कुणाचा चेहरा.
डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात
आम्ही एकमेकींना चालीवरून ओळखतो:
डुलत येते ती माक-सुन,
भिंत धरून वळते ती नवी मुलगी.

माझं काम बोटाचं.
बोट माझं नाही, सिलिकॉनचं,
यंत्राच्या दांडीला लावलेलं, बिननखांचं, बिनरेषांचं.
ते काचेकडे खाली येतं,
पाच सेंटिमीटर, तीन, दीड,
आणि थांबतं. शिवायचं नाही.
न शिवता काचेला कळलं पाहिजे
की कुणीतरी आलंय.

या काचेतला प्रत्येक ठिपका दिवा आहे, आणि डोळाही.
दोन्ही एकदम नाही, तेवढं त्यालाही जमत नाही.
सेकंदात कितीतरी वेळा तो उजळतो
आणि दोन उजळण्यांमधल्या फटीत
चोरून बघतो.
आपण पापणी मिटली की जग जातं,
हा मिटतो तेव्हाच बघतो.
दिव्याखाली अंधार, म्हणतात.
इथे तो अंधारच कामाला लावलाय.
उद्या ही काच कुणाच्या तरी दिवाणखान्यात लागेल,
ते बातम्या बघतील,
बातम्या त्यांना बघतील.

गेल्या मंगळवारी, रात्रपाळीत, चारच्या सुमाराला
एक काच आली. वरवर निर्दोष.
पांढरा उजेड लावला
तर खालच्या डाव्या कोपऱ्यात
खसखशीहून बारीक काळं.
एक ठिपका मेलेला.
नियम साफ आहे: शिक्का, लाल पेटी, चुरा.
शिक्का हातात घेतला आणि सवयीने
दुसरी चाचणीही लावली, बघण्याची.
बोट खाली आलं.
नकाशावर करडी सावली उमटली,
गोल, जराशी तिरकी,
आणि त्या कोपऱ्यात भोक नव्हतं.
मेलेला ठिपका बघत होता.
उजेड द्यायचं विसरलेला,
पण कुणी जवळ आलं की
शेजाऱ्यांइतकाच, बरोबर तेवढाच, गडद होणारा.

तक साहेबांना दाखवलं.
"दिवा लागतो का?"
"नाही."
"मग?"
त्या "मग"ला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
शिक्का मारला. नीट, चौकटीच्या आत.

सकाळी बस धरली ती घरची नाही,
गुमछोनची. दुसरा मजला, खिडकीकडची खाट.
आई तिथे चौदा महिने.
उजवी बाजू गेली, बोलणं गेलं,
चेहऱ्यावर काही उमटत नाही.
फाइलीत एकच शेरा, तारीख तेवढी नवी: प्रतिसाद नाही.
मी जाते ती बडबडत जाते,
उशी थोपटते, तोंड पुसते, पेज भरवते,
हात धरते आणि सोडते,
पुढची बस बाराला असते.

त्या दिवशी हात धुतले, कोरडे केले
कामावर करते तसे,
आणि तळवा तिच्या गालाशी नेला.
पाच सेंटिमीटर. तीन.
दीडवर थांबले.
शिवले नाही.

खिडकीबाहेर रानहंसांची रांग नदीपलीकडे चालली होती,
काटेरी कुंपणाचं त्यांना कुणी सांगितलेलं नाही.
माझा खांदा दुखायला लागला.
आईचा श्वास
एकदा तळहाताला लागला, ऊनसा,
मग थबकला,
मग नेहमीपेक्षा जरा लवकर आला.

एवढंच.
शेऱ्यात मावणार नाही एवढं.
कदाचित तिला खोकला येणार असेल.

मी हात तसाच ठेवला.
गिल-रे नर्स आत आली, म्हणाली, हे काय चाललंय?
म्हटलं, रात्रपाळी संपायचीय अजून.
तिने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे.
बाहेर लख्ख उजाडलं होतं.