शिरोरेषा

रावपुऱ्यात आमचं दुकान, आठ बाय सहा,
त्यातलं निम्मं रंगाच्या डब्यांचं.
खानविलकर मास्तर दोन्ही लिपी रंगवायचे.
गुजराती बोडक्या डोक्यानं येते, म्हणायचे,
आपली टोपी घालून.
टोपी शेवटी, हितेश. आधी माणूस उभा कर.

मी सहावीला दोनदा बसलेला मोहित्यांचा पोरगा.
पुस्तक उघडलं की घ आणि ध
एकमेकांचे शर्ट घालून यायचे,
भच्या जागी म, आणि सगळा वर्ग हसायचा.
मास्तर म्हणाले, वाचू नकोस, काढ.
काढायला लागलो तशी अक्षरं हलायची थांबली.
का, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मग तो मंगळवार. दिवाळीची घाई.
फरसाणवाल्याची पाटी पुरी करून
ते चार पावलं मागे सरले, ब्रश कानामागे,
आणि बघतच राहिले.
"हे कोणी लिहिलं रे? कुठली भाषा आहे?"
मी हसलो. मला वाटलं, चेष्टा.
रंग अजून ओला होता, एकही काना वाकडा नव्हता.

डॉक्टर परीखनी फिल्म दिव्यासमोर धरली:
डावीकडे, मागच्या बाजूला, नखाएवढा डाग.
डोळे ठीक. भाषा ठीक. दोघांमधला रस्ता बंद.
मी विचारलं, मग आपण बोललेलं कळतं कसं?
ती वाट वेगळी, म्हणाल्या, कानाची, फार जुनी;
पोटातलं मूलसुद्धा आईचा आवाज ओळखतं.
वाचणं कालपरवाचं. मेंदूत त्याला स्वतःचं घर नव्हतं,
चेहरे ओळखणाऱ्या जागेच्या शेजारी
थोडी जागा मागून घेतली माणसानं.
भाड्याची खोली, मी म्हटलं.
पागडीची, मास्तर पलंगावरून म्हणाले.

घरी आल्यावर दूधवाल्याशी गुजरातीत भांडले,
बहिणीशी फोनवर मराठीत.
वीज कंपनीला दोन पानी तक्रार लिहिली, सुवाच्य,
आणि सही करून कागद माझ्यापुढे धरला:
"वाच बघू, काय लिहिलंय मी."
वाचलं. अडखळत. घाम फुटला.
सहावीनंतर पहिल्यांदा कुणाला तरी वाचून दाखवत होतो.
"धराचं नाही रे, घराचं," ते ऐकून म्हणाले.
"धराचं बिल कोण पाठवतो?"

एका दुपारी पाहिलं, त्यांचं बोट मांडीवर फिरत होतं.
कॅलेंडरकडे बघत एकेक वळण गिरवत होते,
ओठ हलले: "मा... घ... माघ!"
डोळ्यानं बोटाला दिलं, बोटानं तोंडाला,
तोंडानं कानाला, आणि कानानं मग त्यांना.
लांबचा वळसा, पण शब्द पोचला.

गुजराती लवकर जमू लागली, सुटी सुटी अक्षरं.
मराठीत बोट शिरोरेषेवरून घसरत
पार शब्दाच्या टोकाला जायचं.
"काढ त्या टोप्या," चिडून म्हणाले,
चाळीस वर्षं टोप्या घालत आलेला माणूस.
मग मी पुठ्ठ्यावर बोडकी मराठी लिहू लागलो,
जाड थर देऊन, तेलरंगात, बोटाला लागेल अशी.

काल माझं नाव लिहून दिलं.
बोट फिरलं, थांबलं, मागे आलं.
"ही. दीर्घ का?"
मी म्हटलं, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते
आणि ऐकू येते नंतर. तुमचं बोट तिथं अडतं.
म्हणून.
बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
बाहेर रिक्षावाला मांडवी, मांडवी ओरडत होता.
"मला सोपं जावं म्हणून चुकीचं लिहू नकोस," म्हणाले.
"टर्पेंटाईन आण. पूस. मी अडखळेन."