कबत

मुहर्रकच्या जुन्या गल्लीत
पोवळ्याच्या दगडाचं घर.
तिथे एका कपाटाला पॉलिश मारायचं, हे माझं काम.
लुलवाबाई त्याला कबत म्हणतात, मी कपाट म्हणतो,
पंख्याला त्या पंका म्हणतात.
उरलेलं बोट दाखवून भागतं.

सव्वासात फूट उंच. महोगनी, म्हणे.
(सागवान आहे. मला कुणी विचारलं नाही.)
माथ्यावर द्राक्षांचे घोस,
मधल्या आरशाचा पारा उडालेला,
त्यात माणूस गळ्यापासून खाली दिसतो.
दोन्ही बाजूंना सिंह.
व्हिक्टोरिया राणीच्या काळातले, थेट लंडनचे,
असं बाईंचा भाचा हमद सांगतो.
मी डाव्या सिंहाच्या जबड्यात बोट घालून धूळ काढली.
लंडनचा सिंह असा हसत नसणार.
हा आमच्या आजगावला देवळाच्या पायरीशी बसतो,
पोरं त्याच्या तोंडात बोरांच्या बिया टाकतात.

शेजारी हॅट अडकवायचा स्टँड, त्यावर तीन गुत्रे.
छत्र्या ठेवायचं पितळी भांडं,
ह्या गावी, जिथे पाऊस वर्षाकाठी चार दिवस.
त्यात एक काठी आणि एक मोडकं वल्हं.
संगमरवरी टेबलावर मोती चाळायच्या चाळण्या,
एकीत एक बसलेल्या,
सगळ्यात आतलीची भोकं मोहरीएवढी.
समुद्र पूर्वी ह्याच भिंतीला लागायचा.
भर टाकून त्याला मागे लोटलं, मीठ राहिलं.
ते भिंतीतून उतरतं आणि कपाटाच्या पायांवर पांढरं फुलतं.
मी ओल्या फडक्याने पुसतो. दुसऱ्या दिवशी परत.

कपाट दुबईच्या हॉटेलला द्यायचंय. भाव ठरलाय.
हमदने टेप लावली:
कपाटाची खोली दोन फूट अकरा इंच,
आणि ह्या खोलीचं दार दोन फूट चार.
पुन्हा मोजलं. तेवढंच.
"आलं कसं मग आत?"
"कबत आधी आलं," बाई म्हणाल्या. "खोली नंतर.
गवंड्याने विचारलं, भिंत कुठे घालू?
बाबा म्हणाले, ह्याच्याभोवती."

तिसऱ्या दिवशी खालचा खण काढून
उताणा पडून आत सरकलो, मोबाइलचा उजेड तोंडात धरून.
खिळा एकही नाही. कुसू आणि साल, वर लाकडी खुंटी.
आणि प्रत्येक सांध्यावर पटाशीने कोरलेला आकडा,
१, २, ३,
पाचाला लांब शेपूट,
नऊ जुन्या वळणाचा, माझे वडील काढायचे तसा.
चौदापर्यंत.
कुणीतरी मुंबईत बसून लिहून ठेवलं होतं,
बोटीतून उतरवल्यावर दुसऱ्या कुणाला जोडता यावं म्हणून.
चौदा खुंट्या, लाकडी हातोडी, फार तर दीड तास.

बाहेर आलो तेव्हा केसांत भुसा.
हमद दारात उभा.
"भिंत पाडायची तर सरकारी परवाना लागतो.
सुटं होतं का हे, मेस्त्री?"
हातात चपड्याची पुडी होती, ती पिळली.
"नाही होत," म्हणालो. "एकसंध आहे."
का म्हणालो, ठाऊक नाही.
होतं म्हणालो असतो तर आणखी चार दिवसांची मजुरी होती,
आणि मुलीची फी भरायची आहे जूनमध्ये.
तो भिंतीकडे बघत राहिला,
मग फोनवर बोलत जिना उतरला.

संध्याकाळी बाईंनी काहवा ओतला.
दुसऱ्या कपानंतर मी कप हलवला,
इथे ह्याचा अर्थ पुरे.
त्यांनी तरी भरला.
माझ्याकडे न बघता,
बापाकडून शिकलेल्या मुंबईच्या हिंदीत
एकच शब्द बोलल्या,
"चौदा."

मी काहवा प्यायलो. वेलची जास्त झाली होती.
उजव्या सिंहावरचा हात अजून वाळायचा होता.