गुणवत्ता कमी, पुन्हा बोट ठेवा

पंचायतीच्या सभागृहात टेबल मांडलं
भजनी मंडळाच्या कपाटाला टेकवून.
कपाटावर फुटबॉलचे दोन कप,
एकात कुणाचं तरी गंजकं ब्लेड.
लॅपटॉप, कॅमेरा, बोटं घ्यायचं यंत्र,
आणि ओलं फडकं, ते मी घरून आणलेलं.
दहा वाजता ओळ फणसापर्यंत गेली होती.

मार्च आहे. सत्तरीत या दिवसांत
माणसाआधी बोंडूंचा वास आत येतो.

नाव? घरात किती जण?
तिघांपर्यंत एक फी, चौथा आला की दुसरी.
धुळू वरक बोटं मोडत मोजतो,
बायको, दोन मुलगे, आई,
आणि विचारतो, म्हशी धरायच्या नाहीत ना?
ओळ हसते. तो हसत नाही.
म्हशीचा विमा त्याने गेल्या वर्षीच काढलाय,
तिच्या कानात नंबराचा बिल्ला आहे.
आईचा जन्मदाखला नाही.
घेऊन ये तिला, म्हटलं, मग बघू.

मग सुकांती गावस.
अंगठा. गुणवत्ता कमी.
तर्जनी. गुणवत्ता कमी, पुन्हा बोट ठेवा.
फडक्याने पुसलं. केसांवरून फिरवायला सांगितलं,
थोडं तेल लागलं की कधी कधी घेतं.
दहाच्या दहा बोटं पालथी, उताणी, आडवी.
म्हादईतल्या गोट्यांवर तरी काही रेघा असतात.

बावीस वर्षं कारखान्यात काजू फोडले तिने.
टरफलातलं तेल आधी कातडी खातं
आणि निवांतपणे उरलेलं.
दिवसाला किती किलो, ते ती मोठ्याने सांगते,
मी मुकादम असल्यासारखी.
"बोटां काजूंत गेलीं, बाय.
हें यंत्र तीं हांगा कित्याक सोदता?"

यंत्रात एक चौकट आहे, अपवाद.
कारण निवडा: हात नाही. बोट नाही. जखम. इतर.
इतर निवडलं. तपशील लिहा.
लिहिलं, काजू.
दहा अक्षरांपेक्षा कमी चालत नाही.
लिहिलं, काजू काजू काजू काजू काजू.
चाललं.

फोटोला तिने पदर नीट केला.
हसूं?
नको, दात दिसले की परत काढावा लागतो.
मग तिने तोंड असं धरलं
जसं बांबोळीला डॉक्टर रिपोर्ट उलगडताना
आपण सगळेच धरतो.

एकला वीज गेली. बॅटरीवर
मी माझंच नाव टाकून बघितलं,
चाचणी म्हणून, असं स्वतःला सांगत.
गोव्यातला रहिवास: तीन वर्षं, दोन महिने.
चौकट लाल. पाच हवीत.
दोडामार्गाहून लग्न होऊन आले,
बसने पाऊण तास, मध्ये एक चेकपोस्ट,
तिथे पोलीस मासळीच्या गाड्या थांबवतो, बायकांना नाही.
बाबांना बांबोळीला नेलं तेव्हा
खिडकीमागचा माणूस आधी विचारायचा, कुठलं राज्य?
दुखतंय कुठे, ते नंतर.
आमच्या घरच्या कार्डावर दोघे आहेत, नवरा आणि सासू.
ते कार्डही मीच भरलंय, मागच्या रविवारी.
एकेक अक्षर मागे घेत नाव पुसलं.

सुकांती पायरीवर बसून होती, कार्ड उन्हात धरून,
ओलं असल्यासारखं.
हें दाखयलें की पयशे मागनात?
यादीतल्या आजारांना नाही मागत.
यादी कोणाकडे असते?
हॉस्पिटलकडे.
तिने मान हलवली, कारखान्याच्या वजनकाट्यापुढे हलवत असेल तशी.
"आनी तुजें?"
व्हायचंय.
काही न बोलता तिने ओटीतून पुडी काढली,
तुकडा काजू, विकताना बाजूला काढतात तो,
आणि माझ्या कीबोर्डवर ठेवली.
स्क्रीनवर सात आकडे उमटले.
ते कुणाचेच नव्हते. पुसले.

तीनला वीज आली. तोंडात काजू तसाच.
पुढे या.
धुळू आईला पाठीवर घेऊन आला होता.
जन्मतारीख?
शिगम्यात, तो म्हणाला.
कुठल्या वर्षीच्या, ते तिलाच विचारा.