सहा नंबरची वायर

थंडर बे. मार्च. उणे अकरा.
गॅरेजचं शटर अर्धं खाली,
हीटर भिंतीकडे तोंड करून खोकतो आहे,
आणि लेम्पी कोस्केला, वय एक्क्याऐंशी,
दोन स्वेटरांवर कोट चढवून
टॉर्च धरून उभी.

ब्यूइक तिची. सत्त्याण्णवची. रंग एके काळी हिरवा.
शुक्रवारी पोहायच्या तलावावर जाते, रविवारी चर्चला,
आणि नाताळपासून चढावर उचक्या देते.
"एक सिलिंडर झोपलंय," मी म्हटलं.
"मग उठव," ती म्हणाली,
ज्या आवाजात तिनं तीस वर्षं
शाळेच्या बसमधली पोरं खाली बसवली.

पुढच्या तीन सोप्या.
वायर ओढायची नसते.
प्लगवरचं रबरी टोपण धरायचं,
पाव वळसा डावीकडे, पाव उजवीकडे,
झोपलेल्या बाळाच्या मुठीतून
किल्ली सोडवावी तसं.
मग आतून 'च्च' येतं, आणि सुटतं.
एक. तीन. पाच.
एका वेळी एकच काढायची,
सगळ्या एकदम काढल्या
तर कोण कुणाची, इंजिनालाही सांगता येत नाही.

मागच्या तिन्ही भिंतीला पाठ लावून बसलेल्या.
तिथे डोळ्यांचं काम नाही.
छाती रेडिएटरवर, हात कोपरापर्यंत आत,
बोटांनाच वाचू द्यायचं.
दोन आली. चार कुरकुरत आली.
सहा
नाही.

फवारा मारला. थांबलो.
लेम्पीनं थर्मासमधून कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव मोडला.
पुन्हा फवारा. चिमटा. पुन्हा चिमटा.
रबर हलतं, गच्च जागेवरच हलतं,
दाढेतल्या दातासारखं.
जोर केला असता तर आलीही असती,
पण आतल्या चिनीमातीला तडा गेला
तर इंजिन उघडायची वेळ, आणि माझा खिसा मला ठाऊक.
"शिवी दे," लेम्पी म्हणाली. "फिन्निशमध्ये दे. लागू पडते."
तिनं शिकवली, मी दिली. लागू पडली नाही.

शेवटी पातं घेतलं,
टोपण उभं चिरत गेले, नखाएवढं, मग नखाएवढं.
नवी वायर आणलेलीच होती, जुनीचं काय कौतुक.
आत ग्रीस नव्हतं.
आत होता खिडकीच्या काचेला लावतात तो पांढरा लांबीचा गोळा,
दगड झालेला.
"कुठल्या गाढवानं—" मी म्हणेपर्यंत
वायरसोबत एक चिकटपट्टी बाहेर आली,
तेलानं काळी, तिच्यावर बॉलपेनची अक्षरं.
मला वाचता येईनात. मी तिच्यापुढे धरली.

टॉर्चचा झोत इंजिनावरून घसरला,
छताला लागला, तिथेच राहिला.

"माफ करा, घाई होती,"
लेम्पीनं वाचलं.
मग चष्मा कपाळावर सारून पुन्हा वाचलं.
"अक्षर माझंच."

"कुणाची माफी मागितलीस?"
"जो उघडेल त्याची."
"आणि घाई कसली होती?"

तिनं खूप वेळ घेतला.
हीटर दोनदा बंद पडून सुरू झाला.
बाहेर बर्फ उपसणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा
शटरखालून आत येऊन गेला.
"आठवत नाही गं," ती म्हणाली.
"हिवाळा होता. दुकानं बंद होती.
कुणीतरी वाट बघत होतं एवढं आठवतं.
कोण, ते नाही."

सुंभ कधीच जळून गेलं होतं,
इथे प्लगला पीळ तेवढा उरला होता.

मी वाटाण्याएवढं ग्रीस नव्या टोपणात भरलं,
ते बसवलं. 'टक' झालं.
किल्ली फिरवली. ब्यूइक एकदा ठसकली,
मग सहाच्या सहा, ओळीनं, तक्रार न करता.

हूड लावताना म्हटलं, लेम्पी, झालं, टॉर्च बंद कर.
पट्टी कोटाच्या खिशात घालून
ती अजून आत, मागच्या कोपऱ्यात,
उजेड पाडत होती.