सव्वानऊची सावली

मुहर्रकच्या या गच्चीवर अठ्ठावीस ताटल्या.
सत्तावीस नैर्ऋत्येला कललेल्या,
अरबी बातम्या, अरबी फुटबॉल पीत.
घागबाईंची तेवढी आग्नेयेला तोंड करून,
पंगतीत उलट्या पाटावर बसलेल्या पाहुण्यासारखी.

बसवली मीच. शमशुद्दीन खलफे, मुक्काम बाणकोट.
इथे उस्ताद, तिथे "तो बहारिनवाला".
सहा फुटी ताटली, बुडाशी सिमेंटच्या लाद्या,
कारण शमाल सुटला
की आधी धुणं नेतो, मग ताटल्या.

होकायंत्र टाकीपासून लांब धरायचं,
लोखंड सुईला फितवतं.
एकशे पंचवीस अंश. मग वर, त्रेचाळीस.
वहीत आकडे गरीब असतात.
पान्हा हातात आला की अर्ध्या आट्यात
एक देश सुटतो, दुसरा लागतो.
शेवटी एलएनबीचा कान पिळायचा,
थोडाच. जास्त पिळला तर रुसतो.

मी गच्चीत, कुंजुमोन जिन्यात, बाई खोलीत.
"आलं का?"
"वन्नो?"
"मुंग्या!"
"उस्ताद, मुंग्या वन्नू!"
त्याला वाटलं, मुंग्या म्हणजे एखादी वाहिनी.
तासभर आम्ही तिघं
जिन्याच्या त्या विहिरीत शब्द सोडत होतो, ओढत होतो.
मग खालून एकदम कुणीतरी
पातळ आवाजात मराठीत हसलं.
मी बोल्ट होता तिथेच आवळला.

चहा देताना बाई म्हणाल्या,
"बघायचं नाही हो मला काही.
रात्रपाळी करून येते, झोपायचं असतं.
खोलीत कुणी आपल्यातलं बोलत असलं की डोळा लागतो.
काय बोलतंय, त्याच्याशी मला काय करायचंय?"
बावीस वर्षांत माझ्याकडे
क्रिकेट मागितलं, सिनेमे मागितले, कुराणपठण मागितलं.
झोप कुणी मागितली नव्हती.

मार्चच्या आठ तारखेला फोन.
"खलफेभाई, सकाळी आवाज गेला.
शांततेनं जाग आली मला.
दहा मिनिटांनी आला आपोआप. ढिली झाली का हो कुठे?"
"किती वाजता गेला?"
"सव्वानऊ असतील."
मी म्हटलं, उद्या येतो. काय झालंय ते
मला तेव्हाच कळलं होतं,
तरी पिशवीत पान्हा टाकला. रिकाम्या हातानं
गेलं की लोकांना कारागीर वाटत नाही.

नऊ वाजून बारा. बाई वर आल्या,
रुग्णालयाचाच निळा सदरा, केस विस्कटलेले.
समोर ऊन. ताटलीत एलएनबीची सावली,
पेरूएवढी, कडेकडेनं सरकत होती.
आम्ही दोघंही बोललो नाही.
खाली जिन्यात तो मराठी बडबडत होता कुणीतरी.
सावली मधोमध आली,
जिथे कारखान्यानं छिद्र पाडलंय, नेमकी तिथे,
आणि खालचा आवाज चरचरला, फाटला, गेला.

"हे बघा. आपला उपग्रह जिथे आहे,
त्याच्या बरोब्बर मागे आत्ता सूर्य उभा आहे.
सूर्य बोलायला लागला की बाकीच्यांचं ऐकू येत नाही.
ताटली वाकडी असती तर सावली मधे पडली नसती."
"म्हणजे चांगली बसवलीय, म्हणून गेलं?"
"असंच काहीसं."
"मग दुरुस्त काय करणार?"
"काही नाही. दोनचार दिवस रोज थोडा वेळ जाईल.
पुन्हा ऑक्टोबरात."

बाईंनी ताटलीत हात घातला,
आईनं पोराच्या कपाळावर ठेवावा तसा नाही,
नर्सनं ठेवावा तसा.
"तापलीय," म्हणाल्या. घड्याळात पाहिलं.
बाजूच्या सत्तावीस ताटल्या
पाठमोऱ्या, आपापलं ऐकत होत्या.

सावली पेरूची लिंबाएवढी वाटायला लागली, मग काठाला.
खालून कुंजुमोन ओरडला, "वन्नू! वन्नू!"
आणि त्याच्या मागून जिना चढत
बाजारभाव वर आले:
सांगली, हळद राजापुरी, आवक...
बाई तोवर निम्मा जिना उतरल्या होत्या,
जांभई देत.

मी पान्हा तसाच पिशवीत टाकला.
पैसे विचारले त्यांनी.
मी म्हटलं, कशाचे? बोल्ट तर हलवला नाही.