एक पाहुणा आत

गृहकर्ज फिटलं त्या शनिवारी
आम्ही अकराव्या मजल्यावर माणसं बोलावली.
बालेवाडीच्या आमच्या सोसायटीत माणसं बोलावायची म्हणजे
आधी नावं, मग गाड्यांचे नंबर, मग माणसं.
पाहुण्यांना पार्किंग चार; उरलेल्यांनी नाल्याकाठी लावायची.
आणि दहानंतर गाणी लावलीच तर
ती शेजारच्या दातारांच्या झोपेहून मऊ हवीत.

साडेसातपासून फोन थरथरत राहिला.
तेजोमय गेटवर. हो.
सॅवियो आणि मिसेस. हो.
पारिजात, सोबत एक अनोळखी मुलगी. हो.
सुलभा अवघडे गेटवर.
एरवी या नावाला फोन थरथरत नाही.
ती दोन नंबरच्या गेटनं येते, गळ्यात कार्ड,
तिच्यासाठी कुणाला हो म्हणावं लागत नाही.
या वेळी मीच बजावलं होतं : पुढच्या गेटनं या,
स्वयंपाक बाहेरून मागवलाय, हात हलवत या.

ती आली मोरपंखी साडीत.
नऊ वर्षांत ही साडी मी पाहिली नव्हती.

बाकीच्यांनी वाइन आणली, वासाच्या मेणबत्त्या,
उन्हात न चालणारं एक झाड.
तिनं पिशवीतून नारळ काढला, खण काढला,
म्हणाली, बसा, पूर्वेकडं तोंड करा.
पूर्व कुठं, ते आम्हा कुणालाच सांगता येईना.
तेजोमयनं फोनमध्ये होकायंत्र उघडलं.
पूर्व फ्रिजकडं निघाली.
फ्रिजकडं तोंड करून मी ओटी भरून घेतली.
घर तुमचं झालं आता, ती म्हणाली.
बँकेच्या पत्रात हेच होतं, तीन परिच्छेदांत.

मग ताट दिलं. ती ओट्याशी उभी राहून जेवली.
सोफ्यावर बसा, म्हटलं मी, दोनदा.
तिसऱ्यांदा म्हणणार तेवढ्यात कुणीतरी आवाज वाढवला.
निघाली तेव्हा लेकीसाठी डबा भरून दिला.
दारापर्यंत गेले का सोडायला?
आठवत नाही.
सिंकमधले ग्लास मात्र धुतलेले निघाले.

रात्री दोनला गेटवरून ज्ञानोबा.
"म्याडम, तुमचा एक पाव्हणा आणखी आतमदीच दाखवायलंय.
चौदा आले, तेरा गेले."
मी बाल्कनी पाहिली, बाथरूम,
सोफ्यामागं माणूस मावत नाही, तरी तिथंही.
"नाव काय दाखवतंय?"
त्यानं नाव वाचलं.

गेली ती सवयीनं. दोन नंबरनं, जुनं कार्ड दाखवून.
तिथल्या यंत्राला पाहुणी ठाऊक नाही.
तिथं पिशवी उघडतात,
आणि आतून काही बाहेर न्यायचं तर
घरवाल्यांनी फोनवर हो म्हणावं लागतं.
दहा बाराला विचारलं होतं मला : डबा, एक. परवानगी?
फोन स्पीकरला जोडलेला होता.
गाणी त्याच्यातूनच चालू होती.

"ईस मिनटं थांबल्या बाई," ज्ञानोबा म्हणाला,
"मी फोन लावतो म्हनलं, तर म्हनल्या नगं,
पाव्हणे हायती त्यांच्याकडं."

शाल घेऊन खाली उतरले.
डबा केबिनमध्ये, टॉर्चशेजारी.
झाकणावर माझंच नाव कोरलेलं, लग्नातलं,
सासरचं आणि चुकीच्या वेलांटीचं.
"बाईचं औट मारू का?" त्यानं विचारलं.
पावणेआठला ती दोन नंबरच्या गेटवर असेल,
कार्ड दाखवेल, दिवा हिरवा होईल,
आणि आत असलेली बाई पुन्हा आत येईल.
"राहू द्या," म्हटलं मी,
का म्हटलं ते मलाही नीटसं कळलं नाही.

लिफ्टच्या आरशात बघितलं नाही.
रसमलाईचं दूध झाकणातून शालीवर गळत होतं,
आणि कुठल्याशा मजल्यावर, बहुधा आमच्याच,
कुणीतरी अजून हसत होतं.