साधा वापरकर्ता

बोहरी आळीत गाडी लावायची तर आधी तारीख बघावी लागते.
आज विषम. मी एका बाजूला लावली
आणि टांगलेल्या पितळी तराजूंखालून वाकून दुकानात शिरले.

भास्करशेठ निजामपूरकर, वजनकाट्यांचे व्यापारी,
फोनवर म्हणाले होते, "अपडेट पोटात जातं आणि उलटून पडतं."
तक्रार अगदी बरोबर होती.
एक्क्याण्णव टक्के. मग थांबणं. मग निळा पडदा,
'बदल मागे घेत आहोत',
आणि पुन्हा कालचाच संगणक.
मार्च संपायला चार दिवस,
बिलाचं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीशिवाय दार उघडेना.

मी नेहमीचं सगळं केलं.
बंद करून चालू. डिस्कवर जागा भरपूर.
अँटिव्हायरस झोपवला. अर्धवट उतरलेल्या फायली पुसल्या.
घड्याळ पाहिलं, कारण एकदा कोंढव्यात
नुसत्या चुकलेल्या तारखेनं माझी अख्खी दुपार गिळली होती.
पुन्हा एक्क्याण्णव.
पुन्हा तोच आकडा,
आठ शून्य शून्य सात शून्य शून्य शून्य पाच.
साध्या मराठीत : तुम्ही कोण?

मग खाती उघडली.
भास्कर : साधा वापरकर्ता.
मधू : प्रशासक.

"म्हणजे काय?"
म्हणजे तुम्ही बिल करू शकता, छापू शकता,
पडद्यावरचं चित्र बदलू शकता.
यंत्राच्या मुळात हात घालायचा तर मधू लागतो.
शेठ हसले नाहीत.
"दुकान माझ्या नावावर. लायसन माझ्या नावावर.
विजेचं बिल मी भरतो.
आणि आत मी साधा?"
गल्ल्यापाशी बसलेला पोऱ्या एकदम वजनं पुसायला लागला.

मधू धाकटा भाऊ. संगणक त्यानं आणला,
त्यानं मांडला, पासवर्ड त्यानं घातला.
पुढे वाटणी झाली. वकिलांसमोर
तराजू मोजले, मापं मोजली, माळ्यावरचं मोडकं कपाटसुद्धा.
हे खातं यादीत आलं नाही.
आता तो मोशीला. पाच वर्षं बोलणं नाही.

मला मागचं दार माहीत आहे.
एक पेनड्राइव्ह, दहा मिनिटं, आणि मधू बाहेर.
तसं सांगितलं.
शेठ बराच वेळ एका रिकाम्या तराजूकडे बघत राहिले.
कुणी काही ठेवलं नसताना त्याचा काटा हलत होता,
पंख्यामुळे.
"नको. तोडलेलं कुलूप कोणाच्या कामाचं?
नंबर लावतो."

नंबर पाठ होता.

"मी बोलतोय."
पलीकडे काही नाही.
"अपडेट होत नाहीये."
एक खाकरणं. मग : "एरर काय येतोय?"
शेठनी आकडा वाचला, एकही शून्य न गाळता.
"शेजारी कोण आहे? त्यांना द्या. स्पीकर नको."

मधूनं पासवर्ड सांगितला, आवाज खाली आणून,
मध्ये दोनदा थांबून.
मी टाइप केला. पडद्यावर तेरा काळे ठिपके.
त्या ठिपक्यांमागे थोरल्या भावाला दिलेली
कसब्यातली एक अस्सल शिवी होती,
शेवटी त्याचं जन्मसाल.

"काय होता हो?"
"आकडे आहेत काही," मी म्हटलं.

ब्याण्णव. मग सलग शंभर.
शेठना प्रशासक केलं. मग रीतीप्रमाणे विचारलं,
मधूचं खातं काढून टाकू?
"किती जागा खातं ते खातं?"
फारशी नाही.
"मग असू दे."
पासवर्ड तरी बदलायचा?
फोन गल्ल्यावर उताणा, अजून चालूच.
त्यातून बारीक आवाजात कुकरची शिट्टी आली.
"ते त्याला विचारा," शेठ म्हणाले,
आणि चष्मा पुसायला घेतला.

फी पाचशे सांगितली. चारशे ऐंशी मिळाले.
बाहेर येऊन बघते तर गाडी उचलून नेलेली.
तारीख मी बरोबर पाहिली होती.
बाजू चुकली.